हापशीचं पाणी, पोरांचे दात आणि ट्यूबमधलं फ्लोराइड: भ्यायचं नेमकं कशाला?

झरीची_बाई

नमस्कार मंडळी. आमच्या शाळेच्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, त्यासाठी हा धागा. "टूथपेस्टमध्ये फ्लोराइड नावाचं विष असतं. अमेरिकेत बंदी आली. मेंदू बधिर होतो. आजच घरातली ट्यूब फेका." खाली जोडलेल्या हातांची रांग आणि पुढे पाठवा म्हणून शपथ. परिणाम असा की अर्ध्या घरांत पुन्हा लाल मंजन आलं, दोन घरांत तर राखुंडी.

आमची शाळा झरी-जामणी तालुक्यात, तेलंगणाच्या सीमेजवळ. गावाला लागून कोलाम आदिवासींचा पोड, म्हणजे वस्ती आहे, तिथलीही पोरं आमच्याकडेच येतात. वर्गात उभं राहून बघितलं तर बऱ्याच पोरांच्या समोरच्या दातांवर आडव्या पट्ट्या दिसतात. कुणाच्या खडूसारख्या पांढऱ्या, कुणाच्या चहाच्या रंगाच्या. डावीकडच्या दातावर जशी, तशीच उजवीकडच्यावर. मोठ्या मुली हसताना ओढणीचं टोक तोंडावर धरतात. आयांना वाटतं पोरगं दात घासत नाही, म्हणून मग घासून घासून हिरड्यांतून रक्त काढतात.

आता गंमत ऐका. शाळेमागे एक हापशी आहे. तिच्या पाण्याची मागे तपासणी झाली तेव्हा फ्लोराइड जास्त निघालं आणि दांड्याला लाल रंग मारून गेले. तो रंग आता जेमतेम बोल्टाच्या खाचेत उरलाय. पाणी थंडगार, चवीला गोड, भर उन्हाळ्यातही आटत नाही. नळाला पाणी दिवसाआड. त्यामुळे गुंडांची, म्हणजे पाण्याच्या भांड्यांची, रांग हापशीवरच लागते, आणि त्याच रांगेत उभं राहून लोक एकमेकांना तो टूथपेस्टचा मेसेज दाखवतात.

मला जाणत्यांकडून समजून घ्यायचंय. मेसेजमध्ये खरं किती? लहान पोरांना पेस्ट द्यावी की नाही? आणि त्या हापशीचं काय करायचं? पालकसभा जवळ आलीय, तिथे मला उभं राहून बोलायचंय.

दाढदुखी_वणी

बाई, मी दाताचा डॉक्टर. वणी, मारेगाव, पांढरकवडा, झरी या पट्ट्यातलीच तोंडं रोज बघतो, म्हणून जरा लांब लिहितो.

त्या मेसेजने दोन वेगळी भांडणं एका हंडीत शिजवली आहेत. अमेरिकेत नळाच्या पाण्यात फ्लोराइड मुद्दाम मिसळतात. 1945 साली मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्स शहरात सुरुवात झाली, कारण तिथल्या पाण्यात ते कमी होतं आणि पोरांचे दात किडत होते. आज तिथे शिफारस आहे लिटरला 0.7 मिलिग्रॅमची. ते मिसळावं का, यावर तिथे जुना वाद आहे, आणि 2025 मध्ये युटा आणि फ्लोरिडा या राज्यांनी मिसळणं बंद केलं. बंदी ती एवढीच. पेस्टवर नाही. आपल्याकडे पाण्यात फ्लोराइड कोणी टाकतच नाही. आपल्याला ते जमीन फुकट देते, आणि नको तितकं देते.

आता हिशोब. आपल्या कायद्याप्रमाणे टूथपेस्टमध्ये 1000 पीपीएमच्या वर फ्लोराइड चालत नाही आणि किती आहे ते ट्यूबवर आणि खोक्यावर छापावं लागतं. म्हणजे एक ग्रॅम पेस्टमध्ये जास्तीत जास्त एक मिलिग्रॅम. वाटाण्याएवढी पेस्ट साधारण पाव ग्रॅम भरते. पोराने दिवसातून दोनदा घासलं आणि दोन्ही वेळा सगळी पेस्ट गिळली, तरी अर्धा मिलिग्रॅम.

दुसरीकडे हापशी. समजा तिच्या पाण्यात लिटरला 3 मिलिग्रॅम आहे. पोरगं दिवसाला दीड लिटर प्यालं तर साडेचार मिलिग्रॅम. त्याचा बाप मे महिन्यात वावरात चार लिटर सहज पितो, त्याचे बारा. वर भात, वरण, चहा त्याच पाण्याचा. आपल्या मानकात, म्हणजे आयएस 10500 मध्ये, लिटरला 1 मिलिग्रॅमपर्यंत पाणी चांगलं, आणि दुसरा स्रोतच नसेल तर 1.5 पर्यंत चालवून घ्यायचं. जागतिक आरोग्य संघटनेचाही आकडा 1.5 आहे. पण हे आकडे ठरवताना माणूस दिवसाला साधारण दोन लिटर पितो असं धरतात. आमच्याकडे पारा 45 ला टेकतो तेव्हा दोन लिटर तर दुपारच्या जेवणापर्यंतच संपतात.

दातांवरच्या पट्ट्यांबद्दल. पक्के दात हिरडीच्या आत तयार होत असतात तेव्हा, म्हणजे जन्मापासून साधारण आठ वर्षांपर्यंत, फ्लोराइड जास्त गेलं की वरचं आवरण नीट बनत नाही. दात बाहेर येतो तो डाग घेऊनच. तो मळ नाही, घासून जाणार नाही. कृपा करून आयांना हे सांगा. लाल मंजनात गेरू असतो, तो खरखरीत, त्याने उरलंसुरलं आवरणही झिजतं.

लहान पोरांना पेस्ट: तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे वाटाण्याएवढी, आणि मोठं माणूस समोर उभं पाहिजे, थुंकायला लावायला. जाहिरातीत ब्रशभर नागमोडी पेस्ट दाखवतात ती कंपनीची सोय आहे. ज्या गावात पाणीच जास्त फ्लोराइडचं आहे तिथे सहा वर्षांखालच्या पोरांना मी बिनफ्लोराइडची पेस्ट लिहून देतो, पाणी बदलेपर्यंत. मोठ्यांनी नेहमीची वापरावी. पाण्यात फ्लोराइड आहे म्हणून दात किडत नाहीत असं नाही. पाच रुपयांच्या बिस्किट पुड्याने माझं दुकान व्यवस्थित चालतं.

बोंडअळीग्रस्त

डॉक्टर सायेब, दाताचं सोडा, हाडाचं सांगा. माह्या बापाची कंबर वाकली ते वाकलीच. मान वळवाची असन तं सारं आंग वळवते. पयले वाटे वय झालं, मंग वाटे वात हाय. तेल लावलं, गोया खाल्ल्या, एका बुवानं गंडा बी बांधला. आमच्या वावरातली बोअर लय खोल हाय, पाणी काचेसारखं. तेच पाणी जलमभर प्याले. आता माह्या बी गुडघ्याले सकायी कडकपणा येते. मी तं पस्तिशीतच हावो.

दाढदुखी_वणी

भाऊ, मी दाताचा माणूस, हाडाचं पक्कं निदान मी करणार नाही. पण फ्लोराइड वर्षानुवर्षं गेलं तर हाडांत साठतं, सांध्याच्या दोऱ्या कडक होतात, हे खरं. शिबिरात डॉक्टर तीन साध्या गोष्टी करून बघतात. गुडघे न वाकवता खाली वाकून जमिनीवरचं नाणं उचलता येतं का. हनुवटी छातीला टेकते का. हात बाजूला पसरून, दुमडून मानेमागे नेता येतात का. तुमच्या वडिलांना यातलं काही जमत नसेल तर ग्रामीण रुग्णालयात दाखवा. हाताचा आणि कमरेचा एक्स-रे काढतील, लघवीतलं फ्लोराइड तपासायला सांगतील. फ्लोराइडच्या या दुखण्याला फ्लोरोसिस म्हणतात, त्याच्या नियंत्रणाचा केंद्राचा कार्यक्रम 2008-09 पासून आहे, तेव्हा जिल्ह्याला हे नवीन नाही. आणि त्याआधी बोअरचं पाणी तपासा. वात वेगळा निघाला तर त्याची औषधं वेगळी.

वडिलांचं जे झालं ते उलट फिरवणारी गोळी नाही. तुमचं मात्र पाणी आज बदललं तर पुढचं पुष्कळ थांबतं.

नागपुरी_ठसका

एवढं कंपन्यांचं वकीलपत्र कशाला? आमचे आजोबा कडुनिंबाच्या काडीने दात घासायचे, ऐंशीव्या वर्षी हुरडा चावून खायचे. फ्लोराइड हे खत कारखान्यांतलं टाकाऊ रसायन आहे. बुद्ध्यांक कमी होतो असा अमेरिकन सरकारचाच अहवाल आहे, गुगल करा.

खडकफोड्या

@नागपुरी_ठसका, अहवाल आहे, तुम्ही म्हणता तो मी वाचलाय. ऑगस्ट 2024, नॅशनल टॉक्सिकॉलॉजी प्रोग्राम. त्यात म्हटलंय की पिण्याच्या पाण्यात 1.5 मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड असेल तर मुलांचा बुद्ध्यांक कमी असण्याशी त्याचा संबंध दिसतो, आणि ही गोष्ट ते मध्यम खात्रीने सांगतात. 0.7 ला काय होतं हे ठरवायला पुरेशी माहिती नाही, असंही त्यातच लिहिलंय. टूथपेस्टवर निकाल दिलेलाच नाही. म्हणजे तुमच्या अहवालाने कुणी घाबरायचं असेल तर ते झरी-जामणीच्या हापशीवरच्या माणसाने. ट्यूब फेकून तोच गुंड पुन्हा हापशीखाली धरायचा, यात तुमचा अहवाल कुठे पाळला गेला?

खतकारखान्याचंही अर्धं खरं आहे. अमेरिकेत पाण्यात मिसळायचं फ्लोरोसिलिसिक आम्ल बहुतेक फॉस्फेट खतांच्या कारखान्यातूनच येतं. आपल्या हापशीत मात्र कारखाना नाही, खडक आहे.

आता माझ्या आवडीचा विषय, जरा सहन करा. विदर्भाचा पश्चिम भाग काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसाल्टचा. पूर्वेकडे आणि दक्षिणेकडे सरकत गेलं की त्याखालचे जुने खडक उघडे पडतात. ग्रॅनाइट, नाइस, आणि पैनगंगेच्या खोऱ्यात चुनखडक आणि शेल. या जुन्या खडकांतल्या काही खनिजांत फ्लोरिन असतं. पाणी खोल भेगांत वर्षानुवर्षं मुरून बसलं की ते थोडं थोडं विरघळतं. पाण्यात कॅल्शियम भरपूर असेल तर ते फ्लोराइडला धरून ठेवतं. सोड्याचं, मऊ पाणी असेल तर फ्लोराइड मोकळं राहतं. म्हणून बाईंच्या हापशीचं पाणी 'गोड' लागतं आणि डाळ त्यात छान शिजते, यात मला काही नवल वाटत नाही. फ्लोराइडला स्वतःची चव नाही, वास नाही, रंग नाही.

पांढरकवडा भागात 13 मिलिग्रॅमच्या वर गेलेले नमुने 2007 साली 'करंट सायन्स' या विज्ञान नियतकालिकात छापून आले आहेत. चंद्रपूर जिल्ह्यातही अशी गावं आहेत. पण एका गावात एका हापशीत 4 आणि दोनशे पावलांवरच्या विहिरीत 0.6, असं सर्रास सापडतं. उघडी विहीर उथळ असते, दर पावसाळ्यात नवं पाणी येतं. खोल बोअरमधलं पाणी म्हातारं. तेव्हा 'आमच्या गावात फ्लोराइड आहे' हे वाक्य अर्धवट आहे. गावातल्या कुठल्या हापशीत, ते सांगा.

आर्णीची_सून

आमच्या घरी फिल्टरवाला आला होता. दोन ग्लास ठेवले, एकात आमचं पाणी, एकात त्याच्या मशीनचं. दोन्हीत वायरी असलेल्या सळया बुडवून बटण दाबलं. आमच्या ग्लासात दोन मिनिटांत तपकिरी-हिरवा गाळ उसळला, अगदी गटारासारखा. त्याच्या ग्लासात काहीच नाही. "वहिनी, हे तुम्ही रोज पिता." सासूबाई तर उठून उलटी करायला गेल्या. मशीन घेतलं हप्त्यावर. हे खरं होतं की हातचलाखी?

खडकफोड्या

ताई, तो गाळ तुमच्या पाण्यातला नव्हता, त्याच्या सळईतला होता. एक सळई लोखंडाची असते. पाण्यात क्षार असले की वीज वाहते, लोखंड झिजतं आणि गंज उतरतो. मशीनच्या पाण्यात क्षार जवळपास नसतात, वीज वाहत नाही, म्हणून ते स्वच्छ राहतं. पुढच्या वेळी त्याच्याच ग्लासात चिमूटभर मीठ टाकायला सांगा, चेहरा बघा.

मशीन मात्र वाया नाही. आरओने फ्लोराइड खरंच कमी होतं. नुसत्या कँडलच्या फिल्टरने होत नाही, यूव्हीच्या दिव्याने होत नाही. उकळल्याने तर उलट वाढतं, कारण पाणी उडतं आणि फ्लोराइड भांड्यातच राहतं. खिशातलं टीडीएस मीटरही फसवं. ते सगळे क्षार मिळून एक आकडा दाखवतं. 500 च्या आकड्यात 3 मिलिग्रॅम फ्लोराइड आहे की नाही, त्याला काय कळणार.

आर्णीची_सून

मीठ! हे सासूबाईंना आजच वाचून दाखवते. हप्ते अजून चालूच आहेत 😀

किटवाली_ताई

मी आमच्या ग्रामपंचायतीची पाणी तपासते. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच बायांना किट वापरायचं शिकवलं, त्यातली मी एक. फ्लोराइडची चाचणी अवघड नाही. नळीत खुणेपर्यंत पाणी घ्यायचं, बाटलीतलं औषध मोजून टाकायचं, हलवायचं, थांबायचं. फ्लोराइड नसलं तर रंग गुलाबी राहतो. जसं जास्त तसा तो पिवळ्याकडे सरकतो. मग डब्यातल्या रंगांच्या पट्टीशी जुळवायचा. पहिल्यांदा पिवळा झाला तेव्हा सरपंचांना वाटलं औषध खराब असेल. दुसऱ्या विहिरीचं पाणी शेजारी धरून दाखवलं, ते गुलाबीच राहिलं.

किटने अंदाज येतो. पक्का आकडा प्रयोगशाळेत. भूजल सर्वेक्षण यंत्रणेची प्रयोगशाळा जिल्ह्याला असते. नमुना आधी हापशी चांगली हापसून, जुनं पाणी जाऊ देऊन मग भरा. औषधांची तारीख बघत जा, उन्हात ठेवलेलं किट खोटं बोलतं.

एक अडचण सांगते, ज्यावर आमच्याकडे रोज भांडण होतं. पावसाळ्यानंतर ग्रामपंचायतीला कार्ड मिळतं, लाल, पिवळं नाही तर हिरवं. ते विहिरीभोवतीची घाण, ब्लीचिंग टाकतात की नाही, गळती, यावरून. आणि हापशीवरचा लाल रंग फ्लोराइडसाठी. आमच्या विहिरीमुळे लाल कार्ड आलं आणि हापशीवर लाल रंग. लोक म्हणतात, मग आम्ही काय गोमूत्र प्यायचं?

झरीची_बाई

@किटवाली_ताई, अगदी हाच गोंधळ आमच्याकडे! आमच्या चौकातल्या जुन्या विहिरीचं पाणी लोकांनी सोडलं ते याच लाल कार्डापायी. त्यातलं कुठलं लाल जास्त वाईट?

किटवाली_ताई

बाई, विहिरीची घाण काढता येते. कठडा बांधा, जाळी टाका, धुणं लांब करा, ब्लीचिंग पावडर नेमाने टाका, लहान पोरांना उकळून द्या. हे न करता प्यालात तर जुलाब, कावीळ आठ दिवसांत दाखवतं, ते हलकं धरू नका. फ्लोराइड ब्लीचिंगने जात नाही, उकळून जात नाही. आमच्या गावाने विहीर दुरुस्त केली आणि हापशी भांडी-गुरांना ठेवली.

बोंडअळीग्रस्त

गुराले बी काऊन पाजता बाप्पा? बैलाचे दात नाई झिजत का?

खडकफोड्या

झिजतात. भाऊ बरोबर बोलले. गुरांनाही फ्लोरोसिस होतो. भांडी, धुणं, बांधकाम इथपर्यंत ठीक.

अकोलेकर

आमच्या खारपाणपट्ट्याचंही कुणीतरी बोला की. पूर्णेच्या खोऱ्यात पाणी तोंडात धरवत नाही, किडनीचे पेशंट घरोघरी.

खडकफोड्या

त्याचा धागा वेगळा काढा, मी येतो. तिथलं दुखणं क्षारांचं, इथलं फ्लोराइडचं. दोन्ही एकाच पोत्यात भरले की उपाय चुकतात. शेगाव तालुक्यात जानेवारी 2025 मध्ये लोकांचे केस गळायला लागले, तेव्हाही पहिलं बोट पाण्याकडेच गेलं होतं.

नागपुरी_ठसका

बरं, पाण्याचं मान्य. पण दातवाल्यांच्या खोलीतली रसायनं? चांदी म्हणून पारा भरतात दातात. पेस्टमध्ये ट्रायक्लोसान नावाचं जंतुनाशक. शाळेत येऊन पोरांच्या दातांना काय काय लावून जातात, पालकांना विचारतं कोण?

दाढदुखी_वणी

ठसकेभाऊ, हे प्रश्न चांगले आहेत, टोमणा बाजूला ठेवून उत्तर देतो.

चांदीच्या भरणीत निम्मा पारा असतो, हे खरं. पाऱ्यावरच्या मिनामाता कराराने ही भरणी टप्प्याटप्प्याने कमी करायला सांगितली आहे. लहान मुलं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांना ती टाळायची. बहुतेक ठिकाणी दाताच्याच रंगाची भरणी वापरतात, मीही. जुनी घट्ट बसलेली चांदी भीतीपोटी उकरून काढू नका, उकरतानाच वाफ जास्त होते. ट्रायक्लोसान मोठ्या कंपनीच्या एका नावाजलेल्या पेस्टमधून 2019 च्या सुमारास गेलं. खोक्यावरची यादी वाचायची सवय लावा, तेवढं पुरे. ज्याला तोंड सारखं येतं त्याने फेस आणणारं सोडियम लॉरिल सल्फेट नसलेली पेस्ट वापरून बघावी.

शाळेतल्या शिबिरात लावतात ते फ्लोराइडचं वार्निश, म्हणजे दातावरचा पातळ लेप. त्यावर 22,600 पीपीएम लिहिलेलं असतं, ते वाचून पालक हादरतात. लागतं मात्र पाव मिलिलिटरच्या आसपास, म्हणजे पाच-सहा मिलिग्रॅम, तेही वर्षातून एकदोनदा. 3 मिलिग्रॅमच्या हापशीवर मोठा माणूस त्याच्या दुप्पट एका दिवसात पितो. पण तुमचा मूळ मुद्दा मला पटतो. पालकांची सही न घेता तोंडाला हात लावू नये, आणि ज्या गावचं पाणीच जास्त फ्लोराइडचं आहे तिथे सरसकट वार्निश फासण्याआधी पाण्याचा अहवाल मागावा. एका शिबिरात मी हे बोललो तर आयोजक म्हणाले, "डॉक्टर, लाभार्थी संख्या पूर्ण करायचीय."

आठवडी बाजारात बसून 'पाच मिनिटांत दात पांढरे' करणारे असतात, त्यांच्याकडे मात्र फिरकू नका. बाटलीत आम्ल असतं. आम्हीही डाग कमी करायला आम्लाची लुगदी वापरतो, पण हिरडी झाकून, मोजून. तिथे कपड्याच्या बोळ्याने घासतात. पांढरं होतं, महिनाभराने थंड पाणी प्यालं की पोरगी कळवळते. लग्न ठरायच्या आधी आई-बाप हेच करून आणतात आणि मग आमच्याकडे येतात.

आणि ज्या दादाने तो मेसेज पाठवला त्याच्या गालात खर्रा असणार, पैज लावा. तंबाखू, सुपारी, चुना घोटलेला. दोन बोटंही तोंडात जात नाहीत अशी तिशीतली पोरं माझ्या खुर्चीत रोज बसतात. त्या विषाचा मेसेज कुणी पुढे पाठवत नाही.

बोंडअळीग्रस्त

खर्ऱ्याचं नाव काढू नका, माह्या खिशात हाय 😅

पोडावरचा

मी पोडावरचाच. दोन गोष्टी. आमच्याकडे आरओची टाकी बसवली होती, नाणं टाकलं की पाणी. उद्घाटनाला फटाके फुटले. पहिली मेम्ब्रेन, म्हणजे आतली गाळणी, खराब झाली तेव्हापासून कुलूप आहे. दुरुस्तीचे पैसे कोणाचे यावर कागद फिरतोय. त्याआधी तुरटीच्या टाक्या होत्या, त्याही तशाच गेल्या. आमच्या बायका पुन्हा हापशीवर. दुसरं, लाल रंग मारून जाणारा माणूस सांगत नाही की मग पाणी कुठून आणायचं. रंग पुसला जात नाही, लोक खरवडतात. शेजारच्या गावचे पोरी देत नाहीत म्हणून.

खडकफोड्या

तुरटीच्या टाक्या म्हणजे नालगोंडा पद्धत. नागपूरच्याच नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने काढली. तुरटी, चुना आणि ब्लीचिंग टाकून ढवळायचं, गाळ बसू द्यायचा, वरचं पाणी घ्यायचं. कागदावर सोपी आहे. रोज कुणीतरी मात्रा मोजायची, गाळ लांब नेऊन टाकायचा, तुरटी संपली की आणायची, यात गाडी अडते. घरी अंदाजे तुरटी फिरवून हे होत नाही, ती मात्रा खूप जास्त असते आणि पाण्यात अ‍ॅल्युमिनियम राहू शकतं. सौरऊर्जेवर विजेने फ्लोराइड काढायची पद्धतही नीरीने चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावात करून दाखवली आहे.

पण पोडावरच्या भाऊंचं ऐकल्यावर मला वाटतं, जिथे चांगली विहीर सापडते तिथे मशीनच्या नादी लागू नये. विहिरीला मेम्ब्रेन नसते.

आर्णीची_सून

खाण्यापिण्यात काही करता येतं का? चिंच खाल्ली की फ्लोराइड निघतं असं मावशी म्हणतात.

दाढदुखी_वणी

मावशी हवेत बोलत नाहीयेत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांनी मुलांना चिंच देऊन बघितली, तेव्हा लघवीवाटे फ्लोराइड जास्त बाहेर पडल्याचं 2002 साली छापून आलंय. दूध, ताक, तीळ, शेवगा, आवळा हेही असू द्या. कॅल्शियम आणि क जीवनसत्त्व कमी पडणाऱ्या पोरांना त्रास जास्त होतो. काळा चहा आणि काळं मीठ बेताने, दोन्हीत फ्लोराइड असतं. पण चिंचेची कढी पीत त्याच हापशीचं पाणी चालू ठेवलं तर काही खरं नाही.

झरीची_बाई

सगळ्यांचे आभार. पालकसभा झाली. मी ट्यूब हातात घेऊन छापलेला पीपीएमचा आकडा वाचून दाखवला, मग डॉक्टरांचा हिशोब फळ्यावर मांडला. अर्धा एका बाजूला, साडेचार दुसऱ्या बाजूला. एक आजोबा उठून म्हणाले, "मंग इतके दिवस पोराले काऊन मारलं दात घासाले?" त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आमच्या गावच्या किटवाल्या ताईंना बोलावलं होतं. हापशीचं पाणी पिवळं झालं, चौकातल्या विहिरीचं गुलाबी राहिलं. सगळ्या आया पुढे येऊन नळी डोळ्याशी धरून बघत होत्या. पोषण आहार आता विहिरीच्या पाण्यात शिजेल असं ठरलं. पाणी आणायचं कोणी, यावर स्वयंपाकीण ताई रागावल्यात आणि त्यांचं बरोबर आहे, गाळातून दोन गुंड डोक्यावर आणायचे म्हणजे चेष्टा नाही. ग्रामपंचायतीकडे कठडा, जाळी आणि विहिरीवर छोटी मोटर मागितलीय. सचिव म्हणाले वित्त आयोगाच्या निधीत बसतं का बघतो. तेवढ्यावर मी थांबणार नाही.

हापशीला पुन्हा रंग मारायला एका पालकाने विरोध केला, पोडावरच्या भाऊंनी सांगितलं त्याच कारणाने. म्हणून रंगाऐवजी पाटी लावतोय, "भांडी-धुण्यासाठी. पिण्याचं पाणी चौकातल्या विहिरीवर." कुठे जायचं तेही लिहिलं म्हणून कुणाची हरकत आली नाही.

नागपुरी_ठसका

आणि कडुनिंबाच्या काडीचं?

दाढदुखी_वणी

खुशाल वापरा. टोक चावून मऊ करा, हिरडीला टोचू देऊ नका. फक्त चूळ विहिरीच्या पाण्याने भरा.

बोंडअळीग्रस्त

बाई, तुमी हापशीचं पाणी तपासाले यवतमाळच्या लॅबमंदी नेता, तं माह्या बोअरचं पाणी बी तुमच्यासंग जाईन का? दारूच्या काचेच्या बाटल्या हाय घरी, धुऊन आणू का?

झरीची_बाई

काचेची नको भाऊ, दारूची तर नकोच. एक लिटरची स्वच्छ प्लास्टिकची बाटली घ्या, त्याच पाण्याने आतून दोनतीनदा विसळा, बोअर थोडा वेळ चालू ठेवून मग काठोकाठ भरा. वर नाव, गाव, बोअरची खोली आणि तारीख लिहा. सोमवारी सकाळच्या एसटीने चाललेय, त्याआधी शाळेत आणून ठेवा.